काल रात्रीपर्यंतची बातमी

२३ नोव्हेंबर २०१९ हा शनिवार होता, आणि शनिवारी आमची शाळा सकाळची असते. कोरेगावकडून येणारी एसटी वेळेत आली तर त्या बाजूची पोरं प्रार्थनेला हजर, नाहीतर परिपाठ संपता संपता दप्तर सावरत मागच्या रांगेत. थंडी बरी पडली होती. प्रतिज्ञा झाली, उद्देशिका झाली, सुविचार झाला आणि दहावीतला एक मुलगा पेपर घेऊन पुढे आला. बातम्या वाचायची पाळी त्याची होती. वर्गात कधी तोंड उघडायचा नाही, पण आवाज असा खणखणीत की माइक बंद पडला तरी अडलं नसतं. त्याने पहिलीच बातमी वाचली : तीन पक्षांचं एकमत झालं, उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार.

पहिला तास माझाच होता, राज्यशास्त्राचा. हजेरी अर्ध्यावर आली असेल, तेवढ्यात शिपाईमामा खिडकीत आले. निरोप असला की ते दारातून येतात, बातमी असली की खिडकीतून. "सर, शपथविधी झाला. फडणवीस आन् अजितदादा. टीव्हीवर दावत्यात."

वर्गात आधी शांतता, मग एकच हशा. हसत होते सगळे त्या पेपर वाचणाऱ्या पोरावर. "खोटी बातमी वाचली, खोटी बातमी वाचली." तो लाल झाला. मग उभा राहून, वर्षभरात पहिल्यांदाच, त्याने आपणहून प्रश्न विचारला, "सर, पेपर खोटा व्हय?"

मी काय उत्तर दिलं ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण नंतर ते मला बरेच दिवस टोचत राहिलं. मी म्हणालो, "वह्या काढा. राष्ट्रीय पक्ष आणि प्रादेशिक पक्ष यांतला फरक लिहा."

तेव्हा आमचा 'राजकीय पक्ष' हाच धडा चालू होता. बाहेर राजकीय पक्ष स्वतःहून धडा देत होते आणि मी आत पुस्तकातला फरक उतरवून घेत होतो.

माझ्या गप्प बसण्याला कारणं होती, नाही असं नाही. हेडसरांनी ऑक्टोबरातच आम्हाला बोलावून सांगितलं होतं, "राजकारण शाळेच्या गेटबाहेर." त्यांचंही बरोबर होतं. संस्थेत दोन गट, गावात तीन, आणि स्टाफरूममध्ये माणसागणिक एक. शिवाय नोकरीचे वर्तणूक नियम आहेतच. पक्षाचं सदस्य व्हायचं नाही, प्रचारात उतरायचं नाही. नियम रास्त आहे. पण राष्ट्रपती राजवट कशी उठते, बहुमत कुठे मोजतात, पेपर किती वाजता छापतात, हे मुलांना सांगू नका असं त्या नियमात कुठेही लिहिलेलं नाही. ती पुरवणी मीच जोडली होती, स्वतःच्या सोयीसाठी.

आणि मुलांना राजकारणातलं काय कळतंय, असं म्हणणाऱ्याने एकदा आमच्याकडच्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत येऊन बघावं. इथे पोराला पाढे यायच्या आधी पॅनेल कळतं. सोसायटी कुणाची, डेअरी कुणाची, कारखान्याला ऊस कुणामुळे वेळेवर जातो आणि कुणामुळे वाळतो, हे सहावीतलं पोर सांगतं. कपबशी आणि छत्री एका बाकावर बसतात, आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्यातलं एक बाक बदलून मागतं. त्या वर्षी तर साताऱ्यात विधानसभेबरोबर लोकसभेची पोटनिवडणूकही होती. २१ ऑक्टोबरला लोकांनी एकाच दिवशी दोनदा मत दिलं. त्याच्या तीन दिवस आधी साताऱ्यात भर पावसात शरद पवारांची सभा झाली, तिला आमच्या वर्गातल्या कितीतरी जणांचे बाप भिजले होते. आमचं मौन त्या पोरांपर्यंत पोचायच्या आधी राजकारण पोचलेलं असतं.

त्याच नोव्हेंबरात मी नववीला १९४२ शिकवत होतो. काय रंगून शिकवतो मी १९४२! वडूजच्या कचेरीवर निघालेला मोर्चा, प्रतिसरकार, क्रांतिसिंह नाना पाटील, तुफान सेना, शेणोलीला अडवलेली रेल्वे, सांगलीच्या तुरुंगाचा तट ओलांडणारे वसंतदादा. सरकार कुणाचं मानायचं, पोलिसाचं ऐकायचं की नाही, कायदा मोडावा का, असले सगळे दाहक प्रश्न मी त्या तासाला बिनधास्त विचारतो आणि पोरंही हिरिरीने उत्तरं देतात. कुणी हेडसरांकडे तक्रार करत नाही. राजकारण ऐंशी वर्षं मुरलं की त्याचा इतिहास होतो आणि मग त्याला गेटवर कुणी अडवत नाही.

शनिवार गेला, रविवार गेला. रविवारी सुट्टीच्या दिवशी सर्वोच्च न्यायालय बसलं. मंगळवारी २६ तारखेला संविधान दिन, म्हणजे आमच्याकडे रांगोळी, उद्देशिकेचं सामूहिक वाचन आणि दोन भाषणं. त्याच सकाळी न्यायालयाने सांगितलं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत सभागृहात बहुमत सिद्ध करा, गुप्त मतदान नाही, आणि सगळं थेट दाखवा. दुपारी आधी अजित पवारांचा आणि मग फडणवीसांचा राजीनामा आला. संविधान दिनाची माझी आजवरची सगळी भाषणं एकीकडे आणि तो एक दिवस एकीकडे.

बुधवारी मी दहावीच्या वर्गात गेलो आणि फळ्यावर एक आडवी रेघ मारली. डाव्या टोकाला लिहिलं : शुक्रवार रात्र, मुंबईत बैठक, एकमत झाल्याचं जाहीर. मग विचारलं, आपल्या गावात येणारा पेपर छापायला कधी जातो? कुणालाच माहीत नव्हतं. पेपर टाकणाऱ्याचा मुलगा वर्गातच होता, तो म्हणाला, "सर, गठ्ठं पाचच्या आतच येत्यात स्टँडवर." म्हणजे मजकूर त्याच्या कितीतरी आधी बंद झाला. मी रेघेवर पुढे लिहिलं : पहाटे ५ वाजून ४७ मिनिटं, राष्ट्रपती राजवट उठली. आठच्या सुमारास राजभवनावर शपथ. आणि मधे, साडेसातनंतर, त्या पोराचं नाव लिहिलं : परिपाठात बातमी वाचली.

तो स्वतःच म्हणाला, "म्हंजे पेपर खोटा नव्हता. पेपर निजला होता."

मी एवढं चांगलं सांगू शकलो नसतो.

त्या दिवसापासून आमच्या परिपाठात एक पद्धत पडली. बातमी वाचणाऱ्याने शेवटी सांगायचं : ही बातमी अमुक ठिकाणची, अमुक वेळेपर्यंतची. सुरुवातीला पोरं हसायची, हेडसरांनाही ते पोरखेळ वाटलं. पण त्यात आक्षेप घेण्यासारखं काही नव्हतं म्हणून चाललं. वर्गातही मी फळ्याचे तीन भाग करू लागलो. 'माहीत आहे', 'ऐकलंय', 'वाटतं'. मोठं काही घडलं की मुलांनी सांगायचं आणि कुठल्या रकान्यात टाकायचं तेही त्यांनीच ठरवायचं. निम्मी भांडणं रकान्यावरूनच व्हायची. "हे माहीत न्हाय सर, हे ह्यानं ऐकलंय." २०२२च्या जूनमध्ये, जेव्हा शिवसेनेचे आमदार सुरतेला आणि तिथून गुवाहाटीला गेले, तेव्हा हा फळा महिनाभर पुसायलाच मिळाला नाही. मुख्यमंत्री झालेले एकनाथ शिंदे मूळचे आमच्याच जिल्ह्यातल्या दरे गावचे, त्यामुळे 'वाटतं'चा रकाना काठोकाठ. पण त्यातूनच एका मुलीने विचारलं की पक्ष सोडून जायचंच असेल तर किती जणांनी जावं लागतं. मग संविधानाची दहावी अनुसूची निघाली, पक्षांतरबंदीची. १९८५चा कायदा, एक तृतीयांश फुटले तर चालायचं ती सूट, २००३ साली काढून टाकलेली ती सूट, आता दोन तृतीयांश लागतात आणि तेही विलीनीकरणासाठी. बोर्डाच्या चाळीस गुणांच्या पेपरात राज्यशास्त्राच्या वाट्याला बारा गुण येतात. त्या महिन्यात पोरांनी निदान तीस गुणांचं राज्यशास्त्र केलं असेल, फुकट.

इथे थोडं आमच्या जातीबद्दल, म्हणजे मास्तरांच्या. गंमत अशी की ज्याने राजकारणावर अवाक्षर काढायचं नाही त्याच मास्तराच्या खांद्यावरून या देशातली निवडणूक चालते. मतदारयादी सांभाळणारा बीएलओ तो, केंद्राध्यक्ष तो, बोटाला शाई लावणारा तो. आदल्या दिवशी साहित्य ताब्यात घेऊन कुठल्यातरी अनोळखी गावच्या शाळेत बाकं जोडून झोपायचं, साडेपाचला उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान, म्हणजे यंत्राची रंगीत तालीम, किमान पन्नास मतं. ती मोजून दाखवायची, यंत्र कोरं करायचं, व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या काळ्या लिफाफ्यात घालून सील करायच्या आणि मग सातला खरं मतदान. एवढं सगळं हाताने केलेला माणूस वर्गात येऊन 'निवडणूक प्रक्रिया' हा धडा पुस्तकातून वाचून दाखवतो! मीही दाखवायचो. एका वर्षी शाळेच्या मंत्रिमंडळाची निवडणूक घेतली तेव्हा मोबाइलवरचं मतदानयंत्राचं ॲप वापरलं आणि पोरांना आधी अभिरूप मतदान करून दाखवलं. आरोग्यमंत्रिपदाला पडलेला उमेदवार तरीही म्हणाला की यंत्रात घोळ आहे. मी म्हटलं, तुझा प्रतिनिधी समोर होता, त्याने सही केली आहे. त्याने प्रतिनिधीकडे असं बघितलं की तेवढ्यापुरती लोकशाही मधल्या सुट्टीत धोक्यात आली होती.

जर्मनीतल्या शिक्षकांनी याचा विचार फार आधी केलेला आहे, हे मला उशिरा कळलं. १९७६ साली बॉयटेल्सबाख नावाच्या एका लहानशा गावी राज्यशास्त्र शिकवणारी वेगवेगळ्या मतांची माणसं जमली आणि तिथल्या चर्चेतून तीन गोष्टी निघाल्या. शिक्षकाने आपलं मत पोराच्या गळी उतरवायचं नाही. समाजात ज्यावर वाद आहे ते वर्गातही वादाचं म्हणूनच मांडायचं. आणि या सगळ्यात माझं हित कुठे आहे हे पोराला स्वतः तपासता आलं पाहिजे. हिटलर पाहिलेल्या देशाने हे लिहून ठेवलं याचं नवल नाही. मला पहिली गोष्ट जमते, दुसरी बरीच जमू लागली होती. तिसऱ्या गोष्टीचा अर्थ मात्र २०२३च्या सप्टेंबरापर्यंत माझ्या डोक्यात शिरला नव्हता.

९ सप्टेंबर हा वडूजचा हुतात्मा दिन. २०२३ साली तो शनिवारी आला होता. परिपाठानंतर मी दहा मिनिटं बोललो, परशुराम घार्गे आणि त्यांच्यासोबत गोळ्या झेललेल्यांची गोष्ट सांगितली. नेहमीसारखं भाषण चांगलं झालं. रविवारी रात्री त्याच खटाव तालुक्यात पुसेसावळीला दंगल झाली. समाजमाध्यमांवरच्या आक्षेपार्ह पोस्टवरून तणाव होता, जमाव चालून गेला, एका तरुणाचा जीव गेला. सोमवारी जिल्ह्यातलं इंटरनेट बंद.

आमचं गाव तिथून लांब आहे. गावात काही झालं नव्हतं. पण दुकानात फोनपे चालेना म्हणून उधारीच्या वह्या पुन्हा निघाल्या होत्या, एसटी अर्धी रिकामी आली होती, आणि स्टाफरूममध्ये सगळे हळू आवाजात बोलत होते, जणू घरात कुणी आजारी आहे. नववीच्या वर्गात नऊ जण गैरहजर. तिसऱ्या बाकावरची मुलगी मात्र आली होती. तिचे वडील शिलाईकाम करतात, रोज मोटरसायकलवरून सोडतात आणि लगेच वळतात. त्या दिवशी घंटा होईपर्यंत ते गेटबाहेर गाडीवर बसून होते.

या वेळी गप्प बसायचं नाही असं मी ठरवूनच गेलो होतो. २०१९चा काटा रुतलेला होता ना. मी फळ्यावर तीन रकाने आखले आणि म्हणालो, बोला.

'माहीत आहे'मध्ये दोन ओळी आल्या. 'वाटतं'मध्ये कुणी काही सांगेना. आणि 'ऐकलंय' वाहू लागला. माझ्या मामाने सांगितलं, आमच्या गल्लीत म्हणत होते, फोनवर आलं होतं नेट जायच्या आधी. मी सवयीने लिहीत गेलो. 'त्यांनी' असं केलं, 'ते' असं करणार आहेत. चार-पाच ओळी झाल्या असतील. सहावी लिहायला वळलो तेव्हा तिसऱ्या बाकाकडे नजर गेली. ती फळा वाचत होती. इतर पोरं माझ्याकडे किंवा एकमेकांकडे बघत होती, ती एकटी फळा वाचत होती, एकेक ओळ, सावकाश, जसं आपण बोर्डाचा निकाल वाचतो.

फळ्यावरचं अक्षर माझं होतं.

अफवेला मी तिची जागा दाखवत होतो हे खरं. पण ज्यांच्याबद्दल ती अफवा होती त्यातली एक जण समोर बसलेली असताना 'ऐकलंय' या मथळ्याखाली लिहिलं काय आणि भिंतीवर लिहिलं काय. सरकार कुणाचं येणार यावरच्या गप्पांत पोरांचं घर पणाला लागलेलं नसतं, फार तर पॅनेल लागलेलं असतं. इथे तिचं घर होतं. तेच साधन मी दोन्हीकडे वापरलं, चष्मा एकाचा दुसऱ्याला लावावा तसं.

मी डस्टर घेऊन मधला रकाना पुसला. घाईने पुसला, त्यामुळे पांढरे ओरखडे राहिले आणि अक्षरं वाचता येतच होती. मग पाण्याचं फडकं मागवलं. फळा वाळेपर्यंत काय करायचं मला सुचेना. पोरांनाही कळलं होतं की सरांचं काहीतरी चुकलं. मी म्हणालो, "माझं चुकलं. हे असं लिहायला नको होतं." कुणी काही बोललं नाही. मागच्या बाकावरच्या, सगळ्यांत जास्त ओळी सांगणाऱ्या पोराने मान खाली घातली. मला त्याचीही दया आली, कारण सांगायला मीच लावलं होतं.

मग वहीच्या कागदाचे तुकडे करायला सांगितले. नाव घालायचं नाही, शाळेकडून आज काय पाहिजे ते एका ओळीत लिहायचं, आणि ते मी मोठ्याने वाचणार नाही.

घरी येऊन चिठ्ठ्या उघडल्या. आठ-दहा जणांना नेट कधी सुरू होणार हे हवं होतं. एकाला पुढच्या मंगळवारी गणपती बसणार की नाही याची चिंता. दोघांना सुट्टी हवी होती, ती त्यांना बारमाही हवी असते. एकीने लिहिलं होतं, "बाबांना रात्री बाहेर जाऊ नका असं सांगा." आणि एका चिठ्ठीवर, बारीक अक्षरात : "मला काय वाटतं ते विचारू नका."

ती कुणाची, मी अक्षर जुळवून पाहिलं नाही. वह्या माझ्याच टेबलावर होत्या, जुळवता आलं असतं.

आपण मास्तर लोक मुलांना बोलतं करण्याला फार मोठं काम समजतो. प्रशिक्षणांतही तेच ऐकवतात, प्रत्येकाला बोलू द्या. पण काही दिवस असे येतात की वर्गातल्या एखाद्या मुलीला 'तुला काय वाटतं' असं विचारणं म्हणजे तिला तिच्या सगळ्या लोकांच्या वतीने उभं करणं. बाकीच्यांना आम्ही असा जाब कधी विचारत नाही. बॉयटेल्सबाखची तिसरी ओळ मला त्या रात्री पुन्हा वाचावीशी वाटली. नेट बंद होतं.

मंगळवारी मी वर्गात राजकारणाचा, दंगलीचा, कशाचाच विषय काढला नाही. सकाळी गेटवर जाऊन उभा राहिलो. येतील तशी पोरं बघत होतो, गुडमॉर्निंग घेत होतो. तिचे वडील आले. "नमस्कार सर." "नमस्कार. पाऊस काय येईना यंदा." "न्हाय ना वो." एवढंच. पावसाने खरंच ओढ दिली होती. त्यांनी गाडी वळवली आणि घंटेची वाट न बघता गेले. मी आठवडाभर गेटवर उभा राहिलो. हेडसरांनी तिसऱ्या दिवशी विचारलं, "गेट ड्यूटी लावलीय का तुम्हाला कुणी?" मी म्हटलं, "नाही सर, ऊन चांगलं असतं." चौथ्या दिवशी तेही येऊन उभे राहिले. काही बोलले नाहीत.

फळ्याचे तीन रकाने मी अजून करतो. पण 'ऐकलंय'मध्ये माणसांबद्दलचं काही आलं की लिहायच्या आधी खडू थांबतो आणि वर्गभर एकदा नजर फिरते.

गेल्या विधानसभेची मतमोजणी २३ नोव्हेंबर २०२४ला होती. पुन्हा शनिवार, पुन्हा सकाळची शाळा. आठला मोजणी सुरू होणार म्हणून स्टाफरूममधला टीव्ही आधीच तापत ठेवला होता. परिपाठाला सातवीतली एक बुटकी मुलगी बातम्या वाचायला आली. २०१९ साली ती दुसरीत असणार, दुसऱ्याच शाळेत. पेपर तिच्या उंचीला जड होता, वाऱ्याने दुमडत होता. तिने वाचलं की आज निकाल, एक्झिट पोलनी असे असे आकडे दिले आहेत, सगळ्यांचं लक्ष मुंबईकडे. मग पेपरची घडी घातली, आणि एका दमात, पाठ केल्यासारखं म्हणाली, "ही बातमी काल रात्रीपर्यंतची आहे. आजची अजून यायची आहे."

तेवढ्यात माझ्या खिशात फोन थरथरला. पहिल्या रांगेतल्या पाच-सहा जणांनी माझ्या खिशाकडे पाहिलं. मी फोन काढला आणि न बघता शिपाईमामांच्या हातात दिला. ते तो घेऊन खिडकीकडे निघाले.